तेरा छिद्रं, अकरा स्क्रू

झरीतल्या त्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात लोक विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी घेऊन येतात. सिद्धोधन चादरीत गुंडाळलेली बेस गिटार घेऊन आला, तेव्हा दुकानात काम करणाऱ्या सुकेशनीला वाटलं, तान्हं लेकरूच आणलंय की काय.

“ताई, हे जमंल का?”

त्याच्या पापणीवर कापसाचा एक तंतू अडकला होता. तो अलगद काढावासा वाटला, आणि तिला आपल्याच बोटांचा राग आला.

“ताई म्हणणारे लय हायेत मला,” ती म्हणाली. “काम सांगा.”

पेडगावच्या गायन पार्टीत तो ही गिटार वाजवायचा. तारांखालचं, आवाज धरणारं पिकअप मेलं होतं. त्याभोवतीची प्लास्टिकची पाटी, म्हणजे पिकगार्ड, तडकली होती. पार्सलनं दोन्ही नवं मागवलं, तर पाटीची छिद्रं लाकडातल्या छिद्रांशी जुळेनात. पिकअपचं तिला काही वाटलं नाही. लोहचुंबकावर गुंडाळलेली तांब्याची तारच ती. दहावीपासून दुसरं केलंय काय तिनं?

जुनी छिद्रं आगकाड्या आणि गोंदानं बुजवली. नवी पाडायची तर गोंद वाळायला दोन दिवस… तारेला सोल्डरचा डाग द्यायला लाइट नाही… त्याचे चार फेरे झाले. कारणं खरी होती, जरा ताणलेली होती, इतकंच.

पण आज काम संपणार होतं. मग पेडगावचा माणूस झरीला कशाला येईल? म्हणून सकाळीच तिनं डबीतल्या बारा स्क्रूंतला एक ओढणीच्या टोकाला बांधून टाकला.

त्यानं पाटी धरली, ती स्क्रू पिळत गेली. बोटाला बोट लागलं की दोघंही पाटीकडंच बघायचे.

“अकराच?” ती थबकली. “बारा पायजेत.”

“बारा कसे? छिद्रं तर तेरा हायेत.”

ती कानापर्यंत लाल झाली. जुन्या पिकअपचा लोहचुंबक उचलून टेबलाखाली, खुर्चीखाली फिरवू लागली. उठताना हात त्याच्या शर्टाजवळून गेला, आणि वरचा खिसा अलगद पुढं ओढला गेला. टक्.

मागं बाजेवर तिचे वडील, सूर्यभानबाबा, घोरत होते.

“तुमी लपवला?”

“पयल्याच दिवशी.” तो खाली बघत म्हणाला. “पार्टीत बारा जण हायेत, पण माझं मन हितंच वाजायलंय… मग काम कसं संपू देऊ? आता तेरावा कुठंय, ते तुमी सांगा.”

तिनं ओढणीची गाठ सोडली. स्क्रू त्याच्या तळहातावर ठेवला, आणि हात तिथंच राहू दिला.

“झालं का गं काम?” बाजेवरून सूर्यभानबाबांचा आवाज आला.

“न्हाई बाबा. दोन स्क्रू कमी हायेत. उद्या यावं लागंल यांना.”

बाबांनी कूस बदलली. “मग जेवायलाच ये म्हणावं.”