पेटीतल्या कोरड्या विटा

पेटी उघडली आणि चावडीवर सगळ्यांचे चेहरे उतरले. आत शालूची पुस्तकं नव्हती. विटा होत्या!

१८८४ साली ठाण्यात पोरं शाळेत जात होती. खाडीकाठच्या या मिठागराच्या गावात मात्र पाटील काळुरामचा हुकूम चाले. वाचणारा माणूस ‘का?’ विचारतो, म्हणून ज्या घरात छापील पान सापडेल ते घर वाळीत. विधवा शालूला एकच सवलत मिळाली होती: आपली पुस्तकं आपल्या हाताने जाळायची. आता ती पुस्तकंच नाहीशी झाली होती आणि सूर्यास्तापर्यंत ती सापडली नाहीत, तर शालूला गाव सोडावं लागणार होतं.

तिचा बाप राघो धावत ठाण्याला गेला आणि विश्रामरावांना घेऊन आला. कोर्टातली कारकुनी सोडून हा गृहस्थ चोऱ्यांचा छडा लावायचा. बरोबर त्यांचे मित्र वैद्य उत्तमराव होतेच, उपाशीपोटी आणि कुरकुरत.

उत्तमरावांनी एक वीट उचलली आणि हात धोतराला पुसला. पांढऱ्या धोतरावर लाल धूळ! पेटीच्या फळीला टेकले, तर बाही ओली झाली.

“पेटी कुठं होती?” विश्रामरावांनी विचारलं.

“धा दिवस माझ्या मिठाच्या कोठीत, कुलूप लावून,” काळुराम म्हणाला. “पेटीची चावी माझ्या घरी, देवघरात. हिचंच काम हाय हे!”

“मी कालपासनं हितंच बसून हाय, पाटील. तुमचीच माणसं राखणीला हायेत,” शालू म्हणाली.

पेटी आणणारा धाकू घाबरला होता. “आमी चौघं व्हतो, साहेब. सगळ्यांदेखत बांधावरनं आणली.”

“वाटेत कुठं टेकवली?”

“पाटलांच्या माजघरात. पाटलीणबाईनं, आवडाआयनं, आमाला भाइर बसवलं, पेटीला हळद-कुंकू वाह्यलं. मंग चावी दिली.”

पाटलाच्या घरी आवडाबाईंनी विचारण्याआधीच सांगितलं, “विद्येला हळद-कुंकू वाहून निरोप दिला. चुकलं का?” उत्तमराव अंगणातल्या विटांच्या राशीवर बसले. तुळशीवृंदावन अर्धवट राहिलं होतं. त्यांना पोहे मिळाले आणि बाई बिचारी भली आहे, असं त्यांचं मत झालं.

ऊन कलल्यावर चावडी भरली. विश्रामरावांनी आवडाबाईंकडे पाहिलं. “सांगू?”

त्यांनी पदर खोचला. “सांगा.”

“मिठाला पाणी सुटतं; त्यात दहा दिवस राहिलेल्या पेटीच्या आतल्या फळ्यासुद्धा ओल्या आहेत. विटा मात्र कोरड्या. वैद्यबुवांचं धोतर बघा! तेव्हा त्या आज सकाळीच आत गेल्या. शालू इथं राखणीत होती. धाकू आणि त्याचे सोबती सगळ्यांच्या नजरेसमोर होते. पेटी, चावी आणि विटा एकाच जागी एकत्र आल्या. पाटील, तुमच्या घरात!”

काळुराम ओरडला, “खोटं!”

“खरं हाय,” आवडाबाई म्हणाल्या. “पुस्तकं मी कणगीत ठेवलीत. शालूनं मला अक्षरं शिकवली. ज्यांच्यापायी माझे डोळे उघडले, ती जाळू देऊ? टाका आता आपलं घर वाळीत!”

काळुरामने पंचांकडे पाहिलं. पंचांनी माना खाली घातल्या. स्वतःच्या बायकोला वेशीबाहेर काढायची छाती त्याला होईना.

“बंदी उठली,” तो कसाबसा म्हणाला.

राघोने शालूला जवळ घेतलं आणि म्हातारा सगळ्यांदेखत रडला. उत्तमरावांचेही डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत.

आवडाबाईंनी पुस्तकं आणवली आणि भर चावडीत, अडखळत पण खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली: “एका राजाने वाऱ्याला कोंडण्याचा हुकूम काढला…” घाम पुसायला त्या थांबल्या.

काळुराम खांबाआड, तोंड फिरवून उभा होता.

“मंग?” तो न राहवून म्हणाला. “कोंडला का वारा?”