न्हाणीतली शेवटची वीट

रविराज, ती बॅटरी विझव. सेल फुकट जातील. लाईट यायला अजून वेळ हाय, मोटर काय आत्ताच सुरू व्हत न्हाय. आणि समर्थ, तू असा जवळ सरक. लांबनं अर्धं ऐकायचं आणि मग गावभर सांगायचं, तात्या थापा मारतात म्हणून!

महिपती गवंडी तुमाला ठावं हाय. कळंबचा, माझा जुना दोस्त. हाताला गुण हाय, पण कुणाचं ऐकायचा न्हाय. त्यो आता बारामतीत काम घेत न्हाय. का, ते ऐका.

गेल्या साली, म्हंजी सत्त्याण्णव साली, पौषातली आवस व्हती. बारामतीत आबाजी म्हणून माझ्या वळखीचा एक एमआयडीसीत कामाला हाय, त्यानं जुनं घर घेतलं व्हतं. न्हाणीच्या भिताडात बारकी खिडकी. पूर्वी चूल मागं परसात असायची. बाळंतिणीच्या न्हाणाला तापलेलं पाणी त्या खिडकीतनं आत द्यायचे. आता चूल गेली, खिडकी तेवढी ऱ्हायली.

आबाजीची लेक दिपाली पहिल्या बाळंतपणाला म्हायारी आली. पोरगी झाली. लेकराला न्हाऊ घालायला बसलं की खिडकीतनं बाईचा आवाज यायचा. 'द्या हिकडं…' परसात जाऊन बघावं तर कुणी न्हाय. शेजारची ठमाबाई म्हणली, 'आधीच्या मालकाची सून बाळंतपणात गेली. पोटच्या लेकराला एकदा बी न्हाऊ घालायला मिळालं न्हाय बिचारीला.'

झालं! दिपालीचं अन्नपाणी तुटलं. रातभर लेकराला उराशी धरून बसायची. तिला एकच भ्या, ती बाई माझी पोर न्हेणार. बापाचं काळीज तुटायचं. त्यानं महिपतीला बोलावलं, म्हणला, खिडकी बुजवून टाक.

आता ह्या गवंड्यांच्यात एक रीत हाय. भगदाड बुजवताना शेवटची वीट घरच्या माणसाकडनं घ्यायची, आणि देणाऱ्याचं तोंड बघून घ्यायची. कारण ती वीट जो देतो, त्यो त्या घरच्या माणसांतला व्हतो. महिपतीच्या बापानं रीत कधी मोडली न्हाय. महिपती मातर हसायचा. शहाणा ना!

आबाजी ड्यूटीवरनं आला तवर अंधार पडलेला. महिपती आतनं बांधतोय, आबाजी परसातनं विटा देतोय. महिपती मान वर न करता हात पुढं करायचा, 'द्या हिकडं.' की वीट हातात. भिताड चढत चाललं. तेवढ्यात लाईट गेली. त्यानं कंदील लावला आणि पुन्हा कामाला लागला.

एका विटेची जागा ऱ्हायली.

'द्या हिकडं.'

हात आला. वीट आली.

वीट कोमट व्हती… एवढ्या थंडीत.

त्यानं सिमिटाचा माल लावला. वीट बसवली. थापीनं ठोकली.

पल्याड बांगड्या वाजल्या.

एकदाच…

महिपती थिजला. मागं दारात पावलं वाजली. वळून बघतो तर आबाजी. हातात वीट.

'परसातल्या विटा सरल्या व्हत्या, म्होरच्या अंगणातनं आणली,' आबाजी म्हणला. 'अरं… तू बुजवलं बी?'

वीट काढायला महिपतीनं थापी घातली. माल ओला व्हता, गड्यांनो. आत्ता लावलेला.

वीट हलली न्हाय.

दोघं बी रातभर दिपालीच्या दारात बसले. आतनं कडी. पहाटं तिचा डोळा लागला असंल, जरासाच. जागी झाली ती किंचाळतच. लेकरू कुशीतच व्हतं. पण न्हालेलं. जावळ ओलं, अंगाला हळदीचा वास, आणि दुपट्यात असं गच्च गुंडाळलेलं, की दिपालीला कधी जमलं न्हाय. पोर शांत झोपली व्हती.

पहिल्या एस्टीनं आबाजीनं लेकीला इंदापूरला, सासरी पोचवलं. घराला कुलूप घातलं.

परवा इंदापूरच्या बाजारात दिपाली भेटली. पोर कडंवर, गुटगुटीत. माझा जीव भांड्यात पडला. कौतुकानं म्हणलो, 'बरं केलंस पोरी, गालाला तीट लावलीस. दृष्ट लागंल अशी हाय.'

ती पोरीकडं बघत ऱ्हायली. डोळं भरलं तिचं.

'मी लावत न्हाय, तात्या,' म्हणली. 'मी रोज पुसती.'