हरणीला मारलेली हाक

फोटो बिघडला तर फायदा माऊलीचा होता. चांगला आला तर त्याच्या बापाचा. मंठ्याजवळच्या त्या शिवारात एवढी सरळ गोष्ट एकट्या शीतललाच ठाऊक नव्हती.

माऊलीचा बाप, पुंजाराम, आपली कारवानी जातीची शिकारी कुत्री विकायला निघाला होता. हरणी तिचं नाव. म्हातारपणी तिच्यामागं पळणं त्याला होईना. गिऱ्हाईक लांबचं, शौकीन; हरणी धावताना चारी पाय जमिनीवरून उचललेले, तोंड स्पष्ट, असा फोटो पाहूनच तो येणार होता. म्हणून लग्नाचे फोटो काढणाऱ्या शीतलला बोलावलं. सोयाबीन निघालेल्या रानात ती कॅमेरा घेऊन पालथी पडली, तेव्हा माऊलीनं विचारलं, नवरीचेपण असेच झोपून काढता का? नवऱ्या एवढ्या जोरात पळत न्हाईत, ती म्हणाली.

"काहींनी पळायला पाह्यजे," तो हसला.

कुत्रं सरळ धावतं ते मायेच्या माणसाकडं. म्हणून माऊलीनं शीतलच्या मागं उभं राहून हाक मारायची... हरणी यायची, आणि ऐन वेळी वळायची. फोटोत नुसती शेपूट, नाहीतर धूळ. शीतल चिडायची, आणि पुढच्या रविवारी पुन्हा यायची. हरणीसाठी भाकरी आणायची. कानांत नवे झुमके असायचे – ते काही कुत्रीसाठी नसावेत.

एका सकाळी जुने फोटो बघताना तिला दिसलं: पाठीमागच्या उन्हानं समोर पडलेली माऊलीची सावली दर फोटोत बाजूला सरकलेली.

"तुम्ही मुद्दाम सरकता."

तो ढेकूळ फोडत राहिला. मग म्हणाला, "पहिल्याच दिवशी चांगला आला असता... तर तू परत आली असतीस का?"

शीतल लाजली. पण तिच्यातली फोटोवाली दुखावली होती. आज गप उभं राहा, असं बजावून तिनं स्वतःच हाक मारली. हरणी थेट आली – चारी पाय अधांतरी, डोळ्यांत ऊन. आनंदाच्या भरात तिनं फोटो तिथूनच पुंजारामला पाठवला. माऊली 'थांब' म्हणेस्तोवर तो पोचलाही.

आठवड्यात जीप आली. पुंजारामनं शब्द दिलेला. त्यापुढं माऊलीचं चालेना. हरणी मात्र तुरीत शिरली. माणसं दोऱ्या घेऊन मागं लागली, तशी ती माऊलीच्या हाकेलाही येईना. त्यानंच शीतलला बोलावून घेतलं.

"तू बोलव," तो म्हणाला. "फरफटत नेण्यापरीस... मायेनं जाऊ दे."

शीतल जीपमध्ये बसली आणि तिनं हाक मारली. हरणीनं आवाज ओळखला. तुरीतून उसळत आली, ती थेट तिच्या मांडीवर. शीतल हळूच उतरली. दार लागलं.

धूळ खाली बसल्यावर तिनं विचारलं, "रविवारी येऊ?"

"नको," माऊली म्हणाला. "तुझा आवाज ऐकला की मला तीच पळत येताना दिसंल."

शौकिनाला कुत्री मिळाली. पुंजारामचा शब्द राहिला. शीतलला जन्मातला सगळ्यात चांगला फोटो मिळाला. तो तिनं कुठंच लावला नाही. याचं मोल भरलं कुणी? माऊली आणि शीतलनं आपापल्या वाट्याचं. बाकी सगळं तिनं, जी हाक खरी मानून धावत आली.