स्पीकरपुढे कोण उभं आहे?

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. आमच्याच घरात घडली. मी तिथे होते.

आणि आधीच सांगते, ती रात्री घडली नाही. दिवे गेले नव्हते, बाहेर वादळ नव्हतं. गुरुवार होता. दुपारचे चार वाजून गेले होते. तिसऱ्या मजल्यावरचा आमचा फ्लॅट, बाहेरची खोली, खिडकीतून जमिनीवर लख्ख ऊन पडलेलं.

इतक्या उजेडात माणूस इतका घाबरू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

घरात आम्ही तिघं. मी, माझा नवरा आणि माझे सासरे. सासऱ्यांना मी बाबाच म्हणते. बाबांनी चाळीस वर्षं पियानो जुळवले. लोकांच्या घरी, शाळेत, हॉलमध्ये जाऊन तारा ताणायच्या, सूर लावून द्यायचे. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. पूर्ण गेली. उजेड आहे की अंधार, तेही कळत नाही.

पण कान... मी जिना चढत असतानाच ते आतून सांगायचे, "आज पिशवी जड आहे गं तुझी."

बाहेरच्या खोलीत त्यांची जुनी म्युझिक सिस्टीम आहे. अँप्लिफायर, कमरेएवढे दोन स्पीकर आणि बरोबर समोर त्यांची खुर्ची. सीडी शेकड्यांनी. पण हातात आलेली सीडी कुठली, हे त्यांना कळणार कसं? दर वेळी हाक मारायची. "सूनबाई, जरा ती लावतेस?" आणि हाका मारणं त्यांच्या जिवावर यायचं. हळूहळू त्यांनी ऐकणंच सोडून दिलं. नुसते खुर्चीत बसून राहायचे.

ते बघवेना. म्हणून नवऱ्याने ठरवलं, स्ट्रीमर घ्यायचा. म्हणजे इंटरनेटवरची गाणी घरच्या स्पीकरवर वाजवणारा डबा. अट एकच. बाबांना तो स्वतःच्या हाताने चालवता आला पाहिजे.

ओळखीच्या दुकानदाराने तीन डबे दिले. म्हणाला, "आठवडाभर घरी वाजवून बघा. आवडेल तो ठेवा, बाकीचे आणून द्या."

पहिला त्याच दिवशी बाद झाला. पुढे नुसती गुळगुळीत काच, बटण एकही नाही. बाबांनी तिच्यावरून बोट फिरवलं, तर कुठल्याशा परक्या भाषेतल्या बातम्या लागल्या.

"आंधळा मागतो एक डोळा," बाबा म्हणाले, "आणि दुकानदार देतो टचस्क्रीन!"

किती दिवसांनी ते असं काही बोलले होते. आम्ही पोट धरून हसलो.

दुसरा साधा होता. रिमोटवर बटणं होती, आवाजही बरा. बाबांनी दोन गाणी ऐकली आणि म्हणाले, "चालेल." बाबांचं 'चालेल' म्हणजे मनातून उतरला.

तिसरा वापरलेला होता. कुणीतरी परत केलेला. काळा, चांगला जड. पुढे एक मोठा गोल नॉब आणि त्याखाली चार ठसठशीत बटणं. नवऱ्याने एकेका बटणावर बाबांच्या आवडीची यादी बसवून दिली. बाबांनी पहिलं बटण दाबलं.

पियानो सुरू झाला.

बाबांचा चेहरा असा उजळला की मला भरून आलं.

"हा," ते म्हणाले. "हाच. बोटं पट्टीवर पडतायत तीसुद्धा ऐकू येतायत."

तो सोमवार होता. त्या आठवड्यात मी ऑफिसला रजा टाकून घरीच होते.

मंगळवारी दुपारी मी किचनमध्ये भाजी चिरत होते. बाहेर गाणं चालू होतं.

"सूनबाई, जरा बाजूला हो ना."

मी आतूनच विचारलं, "काय म्हणालात बाबा?"

मग हळू आवाजात...

"तू आत आहेस?"

"हो, का?"

"मग डाव्या स्पीकरपुढे कोण उभं आहे?"

मी हात पुसत बाहेर आले. खोलीत बाबांशिवाय कुणीच नव्हतं. मी तसं सांगितलं.

"आहे," बाबा म्हणाले. "माणूस मधे उभं राहिलं की आवाजातलं बारीक काम अडतं. नुसता जाड आवाज पोचतो. चाळीस वर्षं हेच केलंय मी. माझ्या पियानोपुढून कुणी गेलं तर मला न बघता कळायचं."

मग त्यांनी मान जराशी कलती केली.

"उंच आहे. आणि अजिबात हलत नाही."



संध्याकाळी नवरा आला. त्याने वायरी तपासल्या, स्पीकर पुढेमागे केले. "बाबा, खोलीत आवाज भिंतींवर आपटतो, कुठे कुठे दबतो. साधं सायन्स आहे."

"मग दुसऱ्या डब्यावर का नाही दबत?" बाबांनी विचारलं.

म्हणून त्याने परीक्षाच घेतली. एकच गाणं, कधी दुसऱ्या डब्यावर, कधी तिसऱ्या. कुठला चालू आहे ते सांगायचं नाही. बाबा खुर्चीत बसून सांगत होते.

"आता नाही."

"आता आहे."

"आहे."

"नाही."

सात वेळा केलं. सातही वेळा बरोबर. चौथ्या वेळेपर्यंत नवरा हसत होता. नंतर त्याचं हसू मावळलं.

शेवटच्या वेळी बाबा म्हणाले, "आहे. पण... मघापेक्षा पुढे आलंय."

बुधवारी मी स्वतः बघायचं ठरवलं. बाबा आंघोळीला गेले होते. मी त्यांच्या खुर्चीत बसले, तिसरा डबा लावला आणि डोळे मिटले.

आधी काहीच वेगळं वाटलं नाही. छान पियानो वाजत होता.

मग लक्षात आलं... डावीकडचा आवाज जाड पडद्यामागून येत होता.

डोळे उघडले. स्पीकरपुढे नुसतं ऊन.

पुन्हा डोळे मिटले.

आता उजवीकडचाही आवाज बसला. दोन्ही एकदम. दोन्ही स्पीकर झाकायचे, तर माणसाला कुठे उभं राहावं लागेल?

अगदी माझ्या पुढ्यात.

मी डोळे न उघडताच उठले आणि किचनमध्ये पळाले. खोटं कशाला सांगू, बाबा बाहेर येईपर्यंत परत तिकडे गेले नाही.

"बाबा, हा डबा परत करू या," मी म्हटलं. "दुसरा ठेवू."

बाबा चाचपत डब्यापाशी गेले आणि नॉबवर हात ठेवला.

"सहा वर्षांनी मी माझ्या हाताने गाणं लावतोय गं," ते म्हणाले. "दोन दिवस राहू दे."

डबा तिथेच राहिला.

गुरुवारी वाण्याकडे जाऊन आले. वीस मिनिटं लागली असतील. जिन्यातच पियानो ऐकू आला. कुलूप उघडून आत आले, दार लावलं...

बाबा त्यांच्या खुर्चीत नव्हते. समोरच्या भिंतीजवळ, जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची ओढून तिच्यावर अंग चोरून बसले होते. त्यांची स्वतःची खुर्ची रिकामी.

"बाबा, इथे का बसलात?"

"श्..." त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. "त्यांना बसायला दिलं. तीन दिवस उभेच आहेत. पाय दुखत असतील."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

मी धावत जाऊन डबा बंद केला. नुसता बंद नाही, भिंतीतून प्लगच उपटला. पियानो तुटल्यासारखा थांबला.

"झालं," मी म्हटलं. "आता कुणी नाही."

बाबांनी मान हलवली. नाही.

"अजून बसलेत."

"कशावरून? गाणं बंद आहे बाबा."

"घड्याळ ऐक."

खुर्चीमागच्या शेल्फवर एक टेबलावरचं घड्याळ असतं. त्याची टिकटिक जरा जास्तच मोठी आहे. झोप लागत नाही म्हणून तर मी ते बेडरूममधून बाहेर आणलं होतं. मी कान दिला.

टिकटिक येत नव्हती.

मी एक पाऊल डावीकडे सरकले. टिक... टिक... टिक... स्वच्छ.

परत जागेवर आले. काही नाही.

घड्याळ आणि मी, यांच्यामध्ये नुसती रिकामी खुर्ची होती. आणि तरी काहीतरी आवाज अडवत होतं.

मी बाबांचा हात घट्ट धरला.

आणि एकदम... टिकटिक ऐकू यायला लागली. मी जागची हलले नव्हते.

"गेले?" मी विचारलं.

बाबांनी कान टवकारले.

"उठले," ते म्हणाले.

आम्ही दोघं श्वास रोखून ऐकत होतो. घड्याळ. खाली रस्त्यावरच्या गाड्या. किचनमधून फ्रीजची घरघर.

फ्रीजची घरघर मंद झाली. कुणी त्यावर गोधडी टाकावी तशी.

"किचनच्या दारात," बाबा कुजबुजले.

घरघर परत आली. मग खिडकीतून येणारा रस्त्याचा आवाज दबला. खिडकी आमच्यापासून चार पावलांवर. खिडकीत ऊन होतं, पडदा होता, बाकी काहीच नव्हतं. आवाज मात्र अडला होता.

मग घड्याळ थांबलं. मग फ्रीज. मग सगळंच.

मला पळायचं होतं, पण दिसत नाही त्याच्यापासून कुठल्या दिशेने पळायचं?

मी बाबांकडे पाहिलं. माझ्यापासून हातभर अंतरावर. त्यांचे ओठ हलत होते. गळ्याची शीर ताठ झाली होती, म्हणजे ते मोठ्याने बोलत होते.

मला एक शब्दही ऐकू येत नव्हता.

माझ्या आणि बाबांच्या मधे... ते उभे होते.

मी किंचाळले असेन. माझी किंकाळीही मला ऐकू आली नाही.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग कानात हवा शिरावी तसे सगळे आवाज एकदम परत आले. घड्याळ, गाड्या, फ्रीज आणि दारावर दाणदाण थापा.

नवरा होता. घामाघूम. त्याच्यामागे शेजारच्या काकू आणि त्यांचा मुलगा.

"काय चाललंय काय?" तो ओरडला. "चावी आत वळत नाही, दहा मिनिटं बेल वाजवतोय! हाका मारून घसा बसला माझा! काकू बाहेर आल्या, पण तुम्हाला काही पत्ता आहे का?"

आमची बेल खालच्या मजल्यावरसुद्धा ऐकू जाते. आम्हाला ती ऐकू आली नव्हती.

मी रडायला लागले. बाबा मात्र शांत बसले होते. नंतर मी त्यांना विचारलं, "बाबा, तुम्ही तेव्हा काय बोलत होतात?"

"त्यांना विचारत होतो, तुम्हाला काय हवंय."

"मग?"

बाबांनी उत्तर दिलं नाही. आजवर दिलेलं नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही डबा परत केला. दुकानदाराने कारण विचारलं नाही, त्याचंच मला नवल वाटलं. शेवटी मीच विचारलं, आधीच्या गिऱ्हाइकाने का परत केला होता?

तो जरा घुटमळला. "त्यांचीही अशीच काहीतरी तक्रार. आवाज अडतो म्हणून. मी इथे दुकानात चार दिवस लावून पाहिला, मला तर काही जाणवलं नाही." मग ओशाळं हसला. "आता दुकान म्हटलं की माणसं येतात-जातात. कोण कुठे उभं आहे, ते कोण मोजतंय!"

आम्ही दुसरा डबा घेतला. तो 'चालेल' वाला. महिना झाला. घरात काही नाही. मी रोज डोळे मिटून ऐकते. काही नाही.

फक्त एक झालंय. बाबा आता स्पीकर लावत नाहीत. हेडफोन लावतात, कान पूर्ण झाकणारे. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "हेडफोन आणि कानात अंतरच नाही. मधे कुणी उभं राहील कसं?"

मला ते पटलं. पण हेडफोन लावले की त्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. दचकू नयेत म्हणून मी एक सवय लावून घेतली आहे. खोलीतून जाता-येता त्यांच्या खांद्यावर हात ठेवते. म्हणजे मी आहे, हे त्यांना कळतं.

परवा दुपारी चहा घेऊन गेले, तर बाबांनी हेडफोन काढला आणि हसून म्हणाले,

"अगं, आज किती फेऱ्या मारतेयस! जरा बस की. सकाळपासून दहा वेळा तरी हात ठेवलास खांद्यावर."

मी त्या दिवशी बाबा उठायच्या आधीच ऑफिसला गेले होते. नुकतीच घरी आले होते.

मी बाबांना काही सांगितलं नाही. त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि शेजारी बसून राहिले.