मान खाली घातलेली फुले

परतीच्या पावसाची एक सर अचानक आडवी आली आणि पुष्पांजलीला रस्त्याकडेच्या नर्सरीत, प्लास्टिकच्या छपराखाली शिरावे लागले. दुसरबीडला येऊन तिला दोन वर्षे झाली होती. ती कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत असे आणि ही नर्सरी तिच्या रोजच्या वाटेवरच होती; तरीही आत पाऊल टाकण्याचे कारण कधी पडले नव्हते. कारणाशिवाय कुठे जाण्याची तिला सवयच नव्हती.

छपराखाली एक तरुण झारीने कुंड्यांना पाणी घालत होता. बाहेर पाऊस, आत पाणी घालणे आणि चेहऱ्यावर आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखा भाव... पुष्पांजलीला राहवेना.

“काय झालंय त्यांना?”

“पाहा ना मॅडम, पार माना टाकून राह्यले.” त्याने एक कुंडी उचलून दाखवली. “पुण्याहून मागवले. कोनफ्लॉवर म्हणते याले. बुटकी जात हाय, काठीचा आधार लागत नाई, कुंडीत ठेवा का वाफ्याच्या कडेनं लावा. सकाळ-संध्याकाळ पाणी देऊन राह्यलो, तरी पाकळ्या खालीच! गिऱ्हाईक म्हणते, शिळा माल हाय.”

फूल सुंदर होते. मधोमध तांबूस, काटेरी शंकू आणि त्याच्याभोवती जांभळट गुलाबी पाकळ्या, घेरदार परकरासारख्या खाली उतरलेल्या.

“त्यांनी मान टाकलेली नाही,” ती म्हणाली. “त्यांची ठेवणच तशी आहे. शंकू वर, पाकळ्या खाली. तुम्ही मात्र त्यांना बुडवून मारताय.”

तिने रोप अलगद कुंडीतून काढले. काळ्या चिकट मातीत मुळांची टोके तपकिरी पडली होती. “मातीत मुरूम आणि जाड रेती मिसळा. वरचा थर कोरडा झाल्याशिवाय पाणी नको. मान खाली असलेलं सगळंच काही तहानलेलं नसतं.”

तो क्षणभर मुळांकडे आणि मग तिच्याकडे पाहत राहिला.

“मंग... आता विचारायची सोयच नाई राह्यली.”

“काय विचारायची?”

“दोन वर्षांपासून पाह्यतो, तुमी रस्त्यानं खाली मान घालून जाता. मले वाटे, एखाद्या दिवशी विचारावं — चहा घेता काय? पण तुमचीबी ठेवणच तशी असन!”

ती हसली. हे तिच्या स्वतःच्याही उशिराच लक्षात आले. तोवर सर ओसरली होती.

त्याचे नाव कुलदीप. पुढच्या रविवारी तो दोन कुंड्या घेऊन तिच्या खोलीशी हजर झाला. “फी हाय तुमची,” म्हणाला. उरलेली रोपे त्याने नर्सरीच्या कुंपणालगत, मुरूम मिसळलेल्या मातीचा उंचवटा करून ओळीने लावली होती. “एकाच खेपेची रोपं. तिकडं जमिनीत, इकडं कुंडीत. तुमच्या प्रयोगाले बरं.”

प्रयोग म्हटल्यावर तिला नाही म्हणता येईना. कुंड्यांची तपासणी दर रविवारी होऊ लागली. तो मातीत बोट खुपसून ओल पाही, ती सुकलेली फुले देठासकट छाटून टाकी, आणि मग चहा होई. एका सकाळी दोघांचे हात एकाच फुलाकडे गेले. त्याचा मागे सरला, तिचा तिथेच राहिला... कात्री मात्र भलत्याच, टवटवीत देठावर चालली.

“अरारा! हे तं चांगलं होतं मॅडम.”

“निरीक्षणात चूक झाली,” ती म्हणाली. कानशिले तापण्यामागे रक्ताभिसरणाखेरीज काही कारण असते, असे तिने वर्गात कधीच शिकवले नव्हते.

घरमालकीण सुभद्राबाई जिन्याखाली तूर निवडत बसलेली असे. “काय वं पोरी, कुंडीले दर रविवारी डॉक्टर लागते काय? मले इतका गुडघा दुखते, माह्याकडं कोणी नाई पाह्यत!”

दिवाळीच्या सुट्टीत पुष्पांजली गावी गेली नाही. सांगलीचे घर आईमागे विकले गेले होते आणि भाऊ परदेशात होता. आळीत फटाके वाजत होते. तिच्या खोलीपुढच्या गच्चीवर पणतीच्या उजेडात कुलदीप कुंडीपाशी बसला होता, पण या खेपेस बोट मातीत नव्हते.

“एक विचारू? एकटं एकटं नाई वाटत तुमाले?”

खरे उत्तर तिच्या जिभेवर आले होते. पण खरे उत्तर देण्याचाही सराव लागतो आणि तिला सराव होता तो दुसऱ्याच उत्तराचा.

“तुम्हाला सांगितलं होतं ना,” ती कोरडेपणाने म्हणाली. “मान खाली असलेलं सगळंच तहानलेलं नसतं.”

“हाव,” तो हळूच म्हणाला. “सांगतलं होतं.”

तो उठला आणि पुढच्या रविवारी आला नाही. त्यानंतरच्याही नाही. त्याने रागही धरला नव्हता. ती नर्सरीवरून जाताना दिसली की अदबीने मान हलवी आणि मिरचीच्या रोपांच्या ट्रेमध्ये डोके घाली. तज्ज्ञाने पाणी तोडायला सांगितले होते, त्याने तोडले. आपली सूचना इतक्या तंतोतंत पाळणारा विद्यार्थी तिला आजवर लाभला नव्हता.

रविवार लांबत गेले. ती सवयीने दोन कप चहा टाकी आणि दुसरा निवला की ओतून देई. एकांताचा तिला कधीच त्रास झाला नव्हता, असे ती मानत आली होती. त्या मानण्याला पुरावा काय, हा प्रश्न मात्र तिने कधी विचारला नव्हता.

फाल्गुनात उन्हाने गच्ची तापू लागली आणि एका दुपारी तिला दिसले की कुंडीतली पानेही लोंबताहेत. पाकळ्या लोंबणे ठीक. पाने लोंबणे ही वेगळी गोष्ट होती. माती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटली होती. गच्चीवरून समोर कुलदीपच्या कुंपणाची ओळ दिसे. तीच जात, तेच ऊन, आणि पाने ताठ.

तेवढ्यात सुभद्राबाई वाळवण गोळा करायला वर आली. “तुह्या कुंडीचा डॉक्टर उद्या डोणगावले चालला, ऐकलं काय? मामा घेऊन जाऊन राह्यला, पोरगी पाह्यले. म्या म्हटलं, जा बाप्पा. इथं तं कोणी चहाले विचारत नाई.”

 पुष्पांजलीला कुंड्यांना पाणी घालायचेही सुचले नाही.

सकाळी ती एक कुंडी कडेवर घेऊन नर्सरीत गेली. कुलदीप इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभा होता. रस्त्यापलीकडे मामांची जीप घरघरत होती.

“मॅडम? काय झालं याले?”

“माझी एक सूचना अपुरी होती.” आवाज शिकवतानाचाच होता. “तुमची रोपं जमिनीत आहेत. त्यांची मुळं खोल जातात आणि ओल शोधून घेतात. त्यांना कोणी विचारलं नाही तरी चालतं. पण कुंडीतल्या रोपाची मुळं कुठे जाणार? चार बोटं खाली गेली की भिंत. त्याला जे मिळायचं ते... कोणी घातलं तरच. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. दिवाळीतच.”

कुलदीपने मातीत बोट घातले आणि तसेच ठेवले.

“हे तुमी कुंडीचं सांगून राह्यल्या काय?”

तिने मान खाली घातली. मग प्रयत्नाने वर केली.

“नाही,” ती म्हणाली. “मी भाड्याच्या खोलीत राहते, कुलदीप. माझं इथे जमिनीत काही नाही. एकटं वाटतं. फार वाटतं. आणि रविवारी... सर्वांत जास्त.”

जीपचा हॉर्न वाजला. कुलदीपने कोपऱ्यातली झारी उचलली आणि कुंडीच्या कडेकडेने सावकाश धार धरली. भेगा पाणी पिऊ लागल्या आणि कोरड्या मातीचा तो ओळखीचा वास वर आला. पांढऱ्या बाहीवर चिखलाचा शिंतोडा उडाला. त्याने तो पुसला नाही.

“कुलदीप! अबे, चाल ना! तिकडं पोहे भिजवले असतीन त्यायनं!”

“मामा, फोन लावून माफी मागा त्यायची,” तो मागे न वळता म्हणाला. “म्या नाई येत.”

“काऊन बे?”

“कुंडीले पाणी देऊन राह्यलो.”

कुंडीच्या तळाच्या भोकातून पाणी केव्हाच निथळू लागले होते. झाडाच्या हिशेबाने तेवढे पुरे होते. तरी कुलदीपने झारी सरळ केली नाही, आणि या खेपेस पुष्पांजलीने त्याला दुरुस्त केले नाही.