हेन्ड्रिकची दुसरी साक्ष

एके काळी ब्यूनोस आयर्समध्ये परग्रहांच्या गोष्टी छापून आणायच्या तर लेखकाला इंग्रजी नाव घ्यावं लागायचं. आपल्याच गल्लीतल्या माणसाचं रॉकेट कोण विकत घेणार? असल्याच एका नावामागं नेलिदा ब्राको हात धुऊन लागली होती. वॉल्टर हेन्ड्रिक. नावामागचा माणूस कोण, कुणालाच ठाऊक नाही.

तिचा सगळा प्रबंध त्याच्यावर उभा. तिच्या मार्गदर्शक लुकेतीबाईंनी बजावून ठेवलेलं, की हा माणूस खरंच होता याच्या, एकमेकांवरून न उतरवलेल्या दोन साक्षी आण, नाहीतर हेन्ड्रिक गेला आणि तुझी पदवीही गेली. साक्ष पारखायची कशी, तेही बाईंनीच शिकवलेलं. खरं सगळ्यांचं सारखंच असतं, चूक मात्र ज्याची त्याची. दोघांकडं एकच चूक निघाली, की एकानं दुसऱ्यावरून उचललंय.

थंडीचे दिवस, वर बारीक पाऊस. कोरिएन्तेस रस्त्यावरच्या तळघरात आन्सेल्मो म्हातारा जुनी मासिकं विकायचा. जिन्यापासूनच ओल्या कागदाचा वास यायचा.

"ये गं डॉक्टरीणबाई," तो म्हणायचा, "तुझा साहेब अजून मेलेलाच आहे."

त्या दिवशी त्यानं एक जुनं मासिक काढून दिलं. टाचण्या गंजलेल्या, पानं कडेला जोडलेलीच. आजवर कुणी उघडलंच नव्हतं. नेलिदानं स्वतः सुरीनं फाडली. आत हेन्ड्रिकवर चार ओळी होत्या: तिग्रे गावी नदीत बुडून वारला.

ती खुशीत निघाली. बसमध्ये बसल्यावर तिनं त्या चार ओळी पुन्हा वाचल्या.

तिग्रेला बुडाला तो दुसराच लेखक. ते मरण हेन्ड्रिकच्या नावावर घातलं होतं तिनं, आपल्या कच्च्या खर्ड्यात, घाईघाईत, चुकून. खर्डा कुणाला दाखवला नव्हता. आणि मासिक तर तिच्या जन्माआधीचं.

पुढच्या आठवड्यात दुसरं मासिक मिळालं. दुसरं गाव, दुसरा छापखाना. त्यातही तिग्रे, त्यातही नदी.

लुकेतीबाई खूश झाल्या. म्हणाल्या, यांनी एकमेकांवरून उतरवलेलं नाही, मी खात्री केलीय.

ते खरंच होतं. उतरवलं होतं ते नेलिदाच्या खर्ड्यावरून. पदवी हातात आली होती, आणि हात गार पडले होते.

राहवेना, म्हणून तिनं पारख करून बघायची ठरवली. खर्ड्यात मुद्दाम एक धडधडीत खोटं वाक्य घातलं: हेन्ड्रिकला एक मुलगी होती, ती अजून हयात आहे.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती तळघरात उतरली. आन्सेल्मोनं आज टोमणा मारला नाही. त्याच्यापुढं माते नावाच्या कडू चहाचा पेला तसाच निवत होता.

"मासिक नाही आलं काही?" तिनं विचारलं.

"मासिक नाही." त्यानं मागच्या पडद्याकडं मान केली. "मुलगी आलीय त्याची. सकाळपासून बसलीय."

पडद्यामागं काही हललं नाही.

"काय म्हणते?"

"मी हेन्ड्रिकची मुलगी, अजून हयात आहे. एवढंच. पुन्हा पुन्हा तेच. नाव विचारलं, तर म्हणाली नेलिदानं अजून लिहिलं नाही."

नेलिदा पडद्याकडं वळली.

म्हातारा तिच्याकडं बघत नव्हता. आवाज अगदी खाली आणून म्हणाला,

"नावाचं राहू दे, पोरी. चेहरा तेवढा लिही आधी. तसं बघवत नाही तिच्याकडं."