हरणीला सांगायचं राहिलं

ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल खोटं समजावं. त्या कुंपणापाशी मी उभा होतो, तुम्ही नव्हता.

आमचं गाव स्लोव्हेनियात, कोचेव्येच्या जंगलाला चिकटून. गोष्ट गेल्या वर्षीच्या मार्टिनाच्या सणाची, नोव्हेंबरात नवी वाईन उघडतात त्या दिवसाची. संध्याकाळची. चांगला उजेड होता अजून, हे ध्यानात ठेवा.

माझा थोरला भाऊ व्हिंको त्याच्या थोडं आधी वारला. कुट्टूचं पीक कापत होता, छातीत कळ आली, बांधावर बसला तो बसलाच.

त्याची एक हरणी होती. त्याची कसली म्हणा, जंगलाचीच. पण दिवस कलला की परसातल्या कुंपणाशी हजर. व्हिंको बाकाजवळ उभा राहून सफरचंद कापायचा, एकेक फोड तिला भरवायचा, कानामागं खाजवायचा. माणसांशी धड चार शब्द न बोलणारा गडी, तिच्याशी मात्र गप्पा संपायच्या नाहीत.

माझा कोबी खाऊन जायची ती हीच. ते जाऊ द्या.

आमच्यात घरधनी गेला की गोठ्यात जाऊन गाईंना उठवायचं आणि सांगायचं, मालक गेला. मधमाश्यांच्या पेट्यांवर टकटक करून सांगायचं. नाही सांगितलं तर मुकी जनावरं वाट बघत खंगतात. ते सगळं मी केलं. माणूस मातीत ठेवला. म्हटलं, झालं.

पण झालं नव्हतं.

माझी वहिनी झोफका त्या घरात एकटी. चूल धुरकटलेली, लाकडं फोडायला कुणी नाही, बर्फ तोंडावर आलेला. छातीत कफ. डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं, हा हिवाळा बाई इथं काढणार नाही, लेकीकडं शहरात हलवा. लेक गाडी घेऊन आली. वहिनी हलली नाही. लेक परत आली. परत तेच.

वर रोज संध्याकाळी परसाचं दार सताड उघडून उंबऱ्यात बसायची. त्या गारठ्यात.

"वहिनी, दार लावा. मरायचंय का?"

"थांबा हो भाऊजी. तो आलाय."

"कोण तो?"

"बघा की."

मी बघितलं.

हरणी कुंपणावरून मान पुढं काढून उभी होती. हनुवटी वर. डोळे अर्धे मिटलेले.

आणि... ती चावत होती.

समोर काही नव्हतं. सफरचंद नाही, हात नाही, माणूस नाही.

तिच्या कानामागचे केस दबले... वर आले... परत दबले.

वारा म्हणाल, तर पान हलत नव्हतं.

मग आवाज आला... कर्र... कर्र... सुरी सफरचंदात उतरते तसा.

मला भीती नाही वाटली, संताप आला. खरंच. म्हातारी खोकून खोकून मरायला टेकलीय, आणि तिला घरात अडकवून ठेवलंय कुणी, तर एका हरणानं.

कुंपणावर साबणाच्या वड्या टांगल्या, वासानं पळतात म्हणे. तिनं वडी हुंगली आणि पुढं मान काढली. डबे बडवले. कान हलवले नाहीत तिनं. माझा कुत्रा सोडला.

कुत्रा बाकापाशी गेला... शेपूट हलवली... आणि कुणाच्या तरी पायाशी पडावं तसा पडून राहिला.

माझंच खातो मेला.

"शिकाऱ्याला बोलावतो," मी म्हटलं.

"बोलवा. त्याला म्हणावं, आधी मला घाल गोळी."

आता बोला.

मार्टिनाचा सण आला. हंस भाजलेला, नवी वाईन उघडलेली, घरात माणसं. वहिनीची खुर्ची रिकामी. मी ताट बाजूला सारलं. बायको मिल्का म्हणाली, "तोंड कशाला पाडतोस? गाईंना सांगितलंस, माश्यांना सांगितलंस. त्या हरणीला कोण सांगणार, पाद्री?"

"ती जंगली आहे गं."

"असू दे. वाट बघते ना? मग सांग."

मी हात पुसले आणि तडक गेलो. अंगात राग होता, दोन पेलेही होते.

हरणी होतीच. तीच मान, तेच मिटलेले डोळे. कर्र... कर्र...

वहिनी उंबऱ्यात, शालीत गुंडाळलेली.

मी कुंपणाशी गेलो आणि हरणीच्या तोंडावर ओरडलो, "व्हिंको मेला. कळलं? मेला, पुरला, संपला. आता यायचं बंद कर."

हरणी चावतच राहिली.

ढिम्म. तिला त्यात नवीन काही नव्हतं.

पण सुरी... थांबली.

फोडीच्या मधेच.

गवतात काहीतरी टप्पकन पडलं. अर्धवट कापलेलं सफरचंद. कापलेला भाग पांढरा, ओला.

मग माझ्या शेजारचा बाक करकरला... जड माणूस मटकन खाली बसावा तसा.

हरणीनं मान खाली घेतली. बाकावर बसलेल्याच्या मांडीपर्यंत. तिथंच हुंगत राहिली, बराच वेळ.

ती जनावर होती, तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नव्हतं, त्याला मी सांगून बसलो होतो.

मागून वहिनीचा आवाज आला. अगदी हळू.

"बसला का तो?"

मी मान हलवली.

"इतके दिवस मी गप्प होते, भाऊजी. मला सांगवत नव्हतं त्याला."

ती उठली. आत गेली. दार तिनं स्वतःच्या हातानं लावलं. दुसऱ्या दिवशी लेकीला फोन करून म्हणाली, ये, मी येते. हिवाळा तिनं शहरात सुखरूप काढला. मला हवं होतं ते झालं की.

हरणी अजून येते. आता माझ्या हातून खाते, कानामागं खाजवू देते. तशी गुणी आहे. चावण्याचा आवाज येतो तो तिचाच. बाकी काही नाही... बाकसुद्धा गप्प असतो.

पण मला चैन नाही.

आमचा बाप गेला तेव्हा मी दूर लाकूडतोडीच्या तळावर होतो. व्हिंको चालत आला होता सांगायला. आल्या आल्या काही बोलला नाही. सूप गरम केलं, माझ्यासमोर ठेवलं. मी शेवटचा घास गिळेपर्यंत थांबला. मग खांद्यावर हात ठेवून सांगितलं.

आणि मी त्याला कसं सांगितलं.